नाव मोठं पण पैसे नाहीत, की छोटी लॅब आणि चार वर्षांचा पगार?

ताई, नमस्कार.

मी २७ वर्षांची आहे. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये एमटेक केलं आणि गेली तीन वर्षं अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर काम करणाऱ्या टीममध्ये आहे. ईसीजी आणि श्वासाच्या सिग्नलमधला नॉइज काढणं, खोटे अलार्म कमी करणं हे माझं रोजचं काम. कंटाळा आलेला नाही, पण मेंदूच्या सिग्नलवर पीएचडी करायचं डोक्यात पक्कं बसलंय. अर्ज केले आणि दोन ठिकाणांहून होकार आला. एक अतिशय नावाजलेलं विद्यापीठ आहे. तिथे ‘न्यूरोसायन्स, अभियांत्रिकी आणि आरोग्य’ असा नवा पीएचडी कार्यक्रम सुरू झालाय. प्रवेश मिळतोय, पण पहिल्या वर्षाची फी आणि खर्च माझा, पुढचं ‘निधी उपलब्ध झाल्यास’. गाइडही नंतर ठरेल म्हणतात. दुसरी जागा एका रुग्णालयाला जोडलेल्या छोट्या गटात आहे. त्यांचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. विषय अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) झटक्यांचा अंदाज हा, आणि चार वर्षांचा पगार करारात लिहिलेला. घरचे आणि मित्रमैत्रिणी म्हणतात, मोठं नाव आयुष्यभर पुरतं, कर्ज काढ. दहावीनंतर मी जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, त्याची धाकधूक वेगळीच. आणि हे सगळं संपेपर्यंत मी बत्तीस वर्षांची होईन. काय करू?

— एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

दुसरी जागा घे. होकार कळवण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्या लागतील, त्या पुढे सांगते. पण माझा कौल स्पष्ट आहे, आणि तो फक्त पैशासाठी नाही.

तरी आधी पैशाचं बोलू. विज्ञान आणि अभियांत्रिकीतली पीएचडी म्हणजे नुसतं शिकणं नव्हे. तू प्रयोग करणार, कोड लिहिणार, डेटा गोळा करणार, आणि त्यावर त्या गटाचे पेपर निघणार. हे काम आहे, म्हणून चांगल्या ठिकाणी त्याचे पैसे देतात. अमेरिकेतल्या बहुतेक चांगल्या कार्यक्रमांत फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. नेदरलँड्स, स्वीडन, जर्मनी अशा देशांत पीएचडी करणारी व्यक्ती बहुतेक वेळा चक्क नोकरीवर असते. तिला करार असतो, रजा असते, विमा असतो. ब्रिटनमध्ये फी आणि स्टायपेंड मिळून जी मदत मिळते, तिला स्टुडंटशिप म्हणतात. ‘निधी उपलब्ध झाल्यास’ याचा अर्थ एवढाच, की आज तुझ्या कामासाठी कुणीही पैसे बाजूला काढलेले नाहीत. दुसऱ्या वर्षी ते आले नाहीत, तर तुझ्याकडे कर्ज असेल आणि पदवी नसेल. शिवाय प्रयोग फसतात. वर्ष वाया जातं, मुदत वाढते. पगारावर असलेला माणूस ते सोसतो. कर्जावर असलेल्याची झोप उडते, आणि मग तो घाईनं चुकीचे निष्कर्ष काढतो. मोठं नाव आयुष्यभर पुरतं हे खरं, पण त्यासाठी ती पदवी आधी हातात पडावी लागते.

‘गाइड नंतर ठरेल’ हे मात्र आपोआप वाईट मानू नकोस. अमेरिकेतल्या बऱ्याच कार्यक्रमांत ती रूढ पद्धत आहे. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये प्रत्येकी काही आठवडे काम करायचं, त्याला रोटेशन म्हणतात, आणि मग दोघांचं पटलं तर तिथे कायम व्हायचं. ही पद्धत चालते, कारण तोवर पैशाची जबाबदारी कार्यक्रमानं घेतलेली असते. तुझ्या पहिल्या जागेत गाइडही नाही आणि पैसेही नाहीत. म्हणजे वर्षभर तू स्वतःच्या खर्चानं दारोदार फिरणार आणि ज्याच्याकडे पैसे असतील त्याचा विषय आपला म्हणणार. ज्या ओढीनं तू नोकरी सोडणार आहेस, ती तिथे पहिल्याच वर्षी बाजूला पडेल.

आता त्या लांबलचक नावाबद्दल. न्यूरोसायन्स, अभियांत्रिकी आणि आरोग्य हे तीन शब्द एका ओळीत लिहिले की विषय एकत्र येत नाहीत. ते एकत्र येतात तेव्हा मध्ये एखादा प्रश्न असतो, जो एकट्या विषयाला सुटत नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलमध्ये मेंदूचे शल्यविशारद अलिम-लुई बेनाबिद कंपवाताच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करत. त्या काळी मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमसचा एक छोटा भाग जाळून निकामी करायची पद्धत होती. जागा बरोबर आहे ना हे पाहायला ते आधी तिथे इलेक्ट्रोडमधून विजेचे हलके धक्के देत. वारंवारता १०० हर्ट्झच्या घरात नेली की हाताचा कंप थांबतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग जाळायचं कशाला? इलेक्ट्रोड तिथेच ठेवला आणि सतत धक्के दिले तर? पेसमेकरचं तंत्र तयार होतंच. १९८७ सालची ही गोष्ट. आज ज्याला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात, त्याची सुरुवात अशी झाली. प्रश्न रुग्णाच्या खाटेपाशी पडला, उत्तरातला अर्धा भाग विद्युत अभियांत्रिकीतून आला, आणि हे उत्तर नेमकं का लागू पडतं यावर न्यूरोसायन्सवाले अजून काम करताहेत.

म्हणून पीएचडीची जागा निवडताना मी एक गोष्ट सगळ्यांच्या वर ठेवते: इथल्या प्रश्नाच्या उत्तराची खरोखर कुणाला गरज आहे का? तुझ्या दुसऱ्या जागेत ती गरज असलेला डॉक्टर बहुधा त्याच इमारतीत बसतो. हे भाग्य नावाजलेल्या विद्यापीठांतही सगळ्यांना लाभत नाही.

आणि तुझा विषय किती जिवंत आहे ते बघ. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांचे झटके औषधांनी पूर्ण आटोक्यात येत नाहीत. त्यांना झटक्याइतकाच त्रास अनिश्चिततेचा होतो. गाडी चालवायची का, पोहायला जायचं का, बाळाला कडेवर घेऊन जिना उतरायचा का? उद्याचा दिवस धोक्याचा आहे एवढं जरी कळलं तरी आयुष्य बदलतं. मेलबर्नच्या एका गटानं १५ रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवून त्यांच्या रोजच्या जगण्यात महिनोन्‌महिने नोंदी घेतल्या आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही रुग्णांत झटक्याचा धोका आधी सांगता येतो हे तिथे पहिल्यांदा नीट दिसलं. त्याच नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. रुग्णांनी स्वतः सांगितलेला झटक्यांचा आकडा आणि यंत्रानं नोंदवलेला आकडा यांत मोठी तफावत होती. म्हणजे डॉक्टर ज्या डायरीवरून औषधाचा डोस ठरवतात, ती डायरीच अपुरी. पुढे २०१८ साली, मेंदूत बसवलेल्या उपकरणांच्या दीर्घ नोंदींवरून दिसलं की कित्येक रुग्णांत झटक्यांच्या धोक्याला अनेक दिवसांची लय असते, काहींत तर तीन-चार आठवड्यांची. ती लय कुठून येते हा न्यूरोसायन्सचा प्रश्न. ती कवटी न उघडता मोजायची कशी हा तुझ्या विषयाचा. आणि मोजून रुग्णाला सांगायचं काय, कधी, किती, हा आरोग्याचा. एका पीएचडीला यातला एक कोपरा पुरतो.

आता तुझ्या धाकधुकीकडे येते. दहावीनंतर जीवशास्त्र नाही, हे खरं. पण चेतापेशीतला विद्युत संदेश कसा तयार होतो याचं जे गणित आजही पायाभूत मानतात, ते १९५२ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी मांडलं, आणि ते तुला पहिल्याच वाचनात ओळखीचं वाटेल. पेशीचं आवरण म्हणजे विद्युतभार साठवणारा कपॅसिटर. त्याला समांतर सोडियमचा, पोटॅशियमचा आणि गळतीचा असे तीन मार्ग. त्यांतले पहिले दोन व्होल्टेजनुसार बदलणारे. सगळं मिळून चार विकलक समीकरणं. ज्या यंत्रानं त्यांनी स्क्विडच्या जाड चेतातंतूवर मोजमाप केलं, त्या व्होल्टेज क्लॅम्पचं (आवरणावरचं व्होल्टेज हवं तिथे धरून ठेवणाऱ्या यंत्राचं) काळीज म्हणजे फीडबॅक अँप्लिफायर. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलींनी समीकरणं हातानं फिरवायच्या गणकयंत्रावर सोडवली. १९६३ साली दोघांना नोबेल मिळालं. जीवशास्त्राच्या परीक्षेत तू कदाचित नापास होशील, पण हा पेपर तू पहिल्या महिन्यात समजून घेशील.

शिकावं मात्र लागेल, आणि प्रामाणिकपणे शिकावं लागेल. मेंदूची स्थूल रचना, चेतापेशी आणि त्यांच्यातली जोडणी, झोप आणि जागेपणातली मेंदूची अवस्था, औषधांचे परिणाम, आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्र तुम्हा इंजिनिअर मंडळींना येतं असं तुम्हाला वाटतं, पण वैद्यकातलं वेगळं असतं. जीवशास्त्राचा डॉक्टर होण्याची गरज नाही. तुझा पाय अभियांत्रिकीत पक्का असू दे. तीनही विषयांत अर्धवट असलेला विद्यार्थी शेवटी कुठल्याच परीक्षकापुढे टिकत नाही. ज्याला एका विषयाची खोली आणि बाकी दोघांची भाषा येते, त्याच्याशी डॉक्टरही मोकळेपणानं बोलतात.

ती भाषा पुस्तकापेक्षा ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विद्युत सिग्नल नोंदवायच्या खोलीत लवकर येते. तिथे रुजू झालीस की पहिले काही आठवडे टेक्निशियनच्या शेजारी बसायची परवानगी माग. ते टेपनं डोकं मोजतात, नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्यापर्यंत, आणि त्या अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करतात. खुणेवरची त्वचा घासतात, पेस्ट लावतात, इलेक्ट्रोड दाबतात, आणि इम्पिडन्स (त्वचेपाशी सिग्नलला होणारा विरोध) ५ किलोओहमच्या खाली येईपर्यंत सोडत नाहीत. मग ते रुग्णाला म्हणतात, “डोळे मिटा.” डोक्याच्या मागच्या बाजूच्या चॅनेलवर ८ ते १३ हर्ट्झची सुरेख अल्फा लय उमटते. “उघडा,” म्हटलं की विरते. पापणी लवली की पुढच्या चॅनेलवर मोठी लाट. रुग्णानं दात आवळले की सगळा पडदा काळा. इथे तुला एक गंमत दिसेल. ज्या ईसीजीला तू तीन वर्षं जपलंस, तो इथे नॉइज आहे. तो साधारण १ मिलिव्होल्टचा, आणि ईईजी जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा. तो सिग्नलही एकेका पेशीचा नसतो. हजारो-लाखो पेशी एकाच दिशेनं रांगेत उभ्या आहेत आणि त्यांचे प्रवाह एकाच वेळी चढउतार करताहेत, तेव्हा कुठे कवटीबाहेर काही पोचतं. मेंदूच्या पृष्ठभागाचा सुमारे दहा चौरस सेंटीमीटरचा किंवा त्याहून मोठा पट्टा एकत्र बोलला, तर अपस्माराची खूण डोक्याच्या त्वचेवर सहसा दिसते. त्याहून लहान काही घडलं तर ईईजी बहुतेक वेळा गप्पच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की ‘ईईजीत काही सापडलं नाही’ आणि ‘मेंदूत काही झालं नाही’ या दोन वाक्यांत तू कधी गल्लत करणार नाहीस.

रुजू व्हायला अजून वेळ असेल, तर तोवर एक काम कर. त्यानं तुझी धाकधूकही जाईल आणि हा विषय तुला खरंच आवडतो का तेही कळेल. फिजिओनेट या खुल्या संग्रहात बॉस्टनच्या बालरुग्णालयातल्या २२ रुग्णांची ईईजी नोंद आहे, सीएचबी-एमआयटी नावानं. सेकंदाला २५६ नमुने, झटक्यांच्या वेळा तज्ज्ञांनी खूण करून दिलेल्या. त्यावर झटका ओळखणारा साधासा प्रोग्राम लिही. पायथनमध्ये एमएनई नावाचं मोफत पॅकेज आहे, ते वापर. आधी सगळ्या रुग्णांचे तुकडे एकत्र मिसळून त्यातले काही शिकवायला आणि काही तपासायला घे. निकाल डोळे दिपवणारा येईल. मग एक रुग्ण पूर्ण बाजूला ठेव, बाकीच्यांवर शिकव, आणि त्या न पाहिलेल्या रुग्णावर तपास. निकाल कोसळेल. पहिल्या वेळी प्रोग्राम झटका ओळखायला नव्हे, तर माणूस ओळखायला शिकला होता. ‘९८ टक्के अचूकता’ लिहिणारे कितीतरी पेपर या एका चुकीवर उभे आहेत. आणि अचूकता या आकड्यावरच विश्वास ठेवू नकोस. दिवसात दोन मिनिटं झटका येतो असं धर. ‘झटका नाही’ एवढंच कायम म्हणणारा प्रोग्रामही १,४४० पैकी १,४३८ मिनिटं बरोबर ठरतो. विचारायचं ते असं: किती झटके पकडले, आणि तासाला खोटे इशारे किती? तासाला एक म्हणजे दिवसाला चोवीस. अतिदक्षता विभागात चोवीस खोट्या इशाऱ्यांनंतर अलार्मचं काय होतं, हे तुला कुणी शिकवायची गरज नाही. जीवशास्त्राच्या पदवीधराकडे नसलेली ही समज घेऊन तू येते आहेस, आणि गाइडला ती पहिल्या भेटीत दिसली पाहिजे.

आता विचारायच्या गोष्टी. गाइडला लेखी विचार, मोकळेपणानं विचार. चांगल्या गाइडला अशा प्रश्नांचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याच्याबद्दल तुला तिथेच बरंच काही कळतं.

डेटा आज हातात आहे, की गोळा करायचा आहे? हा सगळ्यात मोठा प्रश्न. रुग्णांवरच्या कुठल्याही अभ्यासाला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि त्यात महिने जातात. मग रुग्ण मिळायला हवेत, त्यांनी समजून-उमजून संमती द्यायला हवी, अधूनमधून एखादा माघार घेणार. चार वर्षांच्या पीएचडीत नवीन डेटा तिसऱ्या वर्षी आला, तर प्रबंध कशावर लिहिणार? आदर्श रचना अशी, की पहिल्या दोन वर्षांत जुन्या नोंदींवर पद्धत बसवायची, आणि नवे रुग्ण त्याच वेळी हळूहळू येत राहायचे. मंजुरी मिळालेली असेल तर उत्तम. ‘लवकरच मिळेल’ असं उत्तर आलं, तर मग ‘नाही मिळाली तर प्रबंध कशावर?’ हेही विचार.

रुग्ण किती असतील हेही विचार. २०१३ साली न्यूरोसायन्समधल्या बऱ्याच अभ्यासांची मोजदाद करणारा एक पेपर आला होता. खरा परिणाम असेल तर तो पकडण्याची या अभ्यासांची क्षमता, मध्यक पाहिला तर, जेमतेम २१ टक्के निघाली. कारण साधं: नमुने फार लहान. छोटा गट असणं वाईट नाही, पण छोट्या गटानं इतर रुग्णालयांशी हात मिळवलेला असला पाहिजे. तसा करार आहे का, त्यांच्या नोंदी तुला वापरता येतील का?

डॉक्टर किती वेळ देणार? प्रस्तावावर डॉक्टरचं नाव सगळेच लिहितात. तो सहमार्गदर्शक आहे का, महिन्यातून एकदा तरी सोबत बसून नोंदी पाहणार का? अपस्मारात नोंद पाहणारा माणूस फार काही शिकवून जातो. झटका कसा एका जागी सुरू होतो, लय कशी बदलत जाते, कशी पसरते, हे तो बोटानं दाखवतो. ते पाहिल्यावर तुझा प्रोग्राम कशाकडे बघतोय हे तुला समजायला लागतं.

आणि आधीचे विद्यार्थी. सध्याच्या एकाशी आणि सोडून गेलेल्या एकाशी बोल, गाइडच्या गैरहजेरीत. पदवी किती वर्षांत मिळाली, पेपरवर पहिलं नाव कुणाचं, आजारी पडल्यावर काय झालं, आज ते कुठे आहेत. दोघांनीही सांगताना आढेवेढे घेतले, तर जागा सोड. हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगते. वाईट गाइडची भरपाई चांगल्या विषयानं होत नाही, चांगल्या पगारानंही होत नाही.

तुझ्या गटाचं काम मेंदूत बसवायच्या उपकरणापर्यंत जाणार असेल, तर एक आणखी विचारून घे: अभ्यास संपल्यावर त्या रुग्णांचं काय? कृत्रिम रेटिना बनवणाऱ्या एका कंपनीनं काही वर्षांपूर्वी ते उत्पादन सोडून दिलं. जगभरातल्या साडेतीनशेच्या आसपास लोकांच्या डोळ्यांत ते बसवलेलं होतं. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, याला उत्तर उरलं नाही. या क्षेत्रात येणाऱ्या इंजिनिअरनं हा प्रश्न पहिल्या वर्षापासून मनात ठेवायला हवा, प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात उरकायचा विषय तो नाही.

उत्तरं समाधानकारक आली नाहीत, तर दोन्ही जागा सोडून पुढच्या फेरीची तयारी करायला घाबरू नकोस. नोकरी आहे, अनुभव वाढतोय. पैशासकट प्रवेश देणाऱ्या जागा भरपूर आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या दारांनी येतात. अमेरिकेतले अर्ज साधारण डिसेंबरच्या सुमारास बंद होतात आणि पीएचडी पाच-सहा वर्षं चालते. हार्वर्ड आणि एमआयटीचा १९७० पासून चालत आलेला हेल्थ सायन्सेस अँड टेक्नॉलॉजी कार्यक्रम तुझ्यासारख्यांसाठीच आहे, कारण तिथे इंजिनिअरला रुग्णालयात प्रत्यक्ष शिकायला पाठवतात. युरोपात मात्र जागा नोकरीच्या जाहिरातीसारख्या वर्षभर निघतात, विषय आणि गाइड जाहिरातीतच लिहिलेले असतात, आणि एमटेक असल्याचा तुला तिथे फायदा आहे. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थांच्या संशोधन शाळा, नेदरलँड्समधल्या नायमेखनची डॉन्डर्स इन्स्टिट्यूट ही नावं पाहा. गणिताकडे जास्त ओढ असेल, तर लंडनचं गॅट्सबी युनिट. जपानमध्ये ओकिनावाचं ओआयएसटी सगळ्या पीएचडी विद्यार्थ्यांना पैसे देतं आणि रोटेशनही देतं. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये दोन-तीन देशांत काम करायला मिळतं. तिथे अट अशी, की नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तू त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेली नसावीस. म्हणून ती जागा हवी असेल, तर त्याच देशात आधी नोकरी धरायची घाई करू नकोस. आणि पीएचडीची जागा मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कुणाच्याही वाटेला जाऊ नकोस.

गाइडला पत्र लिहिताना ‘मला मेंदूत लहानपणापासून रस आहे’ हे वाक्य गाळ. त्यांचा एक पेपर वाच, त्यातल्या एका आकृतीबद्दल खरा प्रश्न विचार, आणि तू त्या खुल्या डेटावर केलेल्या कामाचा दुवा दे. न पाहिलेल्या रुग्णावर निकाल कोसळला, हेही लिही. स्वतःचा निकाल स्वतः पाडून दाखवणारा विद्यार्थी कुणालाही हवा असतो.

वयाचं म्हणशील, तर बत्तीस हे वय या क्षेत्रात कुणाच्या ध्यानातही येत नाही. अनुभवी इंजिनिअर पीएचडीला आला, तर पहिल्या वर्षी तो अभ्यासात थोडा मागे असतो आणि चौथ्या वर्षी सगळ्यांच्या पुढे, कारण काम संपवायची सवय त्याला नोकरीनं लावलेली असते. पुढे प्राध्यापकीच हवी असा हट्ट मात्र ठेवू नकोस, त्या जागा जगात सगळीकडेच कमी आहेत. तुझ्या बाबतीत दुसरी दारं चांगली उघडी आहेत. झटका सुरू होताना ओळखून तिथल्या तिथे विजेचा प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या उपकरणाला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली, आणि तसली उपकरणं बनवणाऱ्या, तपासणाऱ्या, त्यांना परवाने देणाऱ्या सगळ्या ठिकाणी सिग्नल आणि रुग्ण दोन्ही समजणारी माणसं लागतात.

घरच्यांना हे पत्र दाखव. त्यांची काळजी चुकीची नाही, कर्जाचा सल्ला चुकीचा आहे. पहिल्या विद्यापीठालाही गप्प राहून सोडू नकोस. पूर्ण निधीसह प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, असं नम्रपणे लेखी विचार. क्वचित हो म्हणतात. दुसऱ्या गटाला मुदतीच्या आठवडाभर आधी प्रश्न पाठव, उत्तरं वाच, विद्यार्थ्यांशी बोल, आणि मग होकार दे. नोकरीचा राजीनामा मात्र करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय देऊ नकोस.

तुझी,
ताई